खडकवाडीनं माघारी धाडलेले गाडे

देवी कायमची गेली असं सरकारनं जाहीर केलं, तेव्हा आमच्या गावात सभा झाली. व्यासपीठावर सभापती होते, दोन डॉक्टर होते आणि साखर कारखान्याचे एक संचालक होते. संचालकांचा देवीच्या रोगाशी काय संबंध हे मला शेवटपर्यंत कळलं नाही, पण सगळ्यात जास्त हार त्यांच्याच गळ्यात पडले. मी मागच्या रांगेत बसलो होतो. तीस वर्षं मी लोकांच्या दंडावर देवी टोचल्या. व्यासपीठावरच्या मंडळींपैकी निदान दोघांच्या दंडावरचे वण माझ्या हातचे होते. माझं नाव कुणी घेतलं नाही. वाईट वाटलं, आणि ते मी लपवणार नाही.

त्याच आठवड्यात संपादकांचं पत्र आलं. दिवाळी अंकासाठी "नोकरीतले काही गमतीदार किस्से" लिहून द्या म्हणाले. किस्से देतो. त्यातला एक गमतीदार नाही, आणि मला खरं तर तोच सांगायचा आहे. तो छापायचा नसेल तर बाकीचेही छापू नयेत, असं मी त्यांना उलट टपाली कळवलं.

आधी आमचा धंदा समजून घ्या. कागदावर आम्ही व्हॅक्सिनेटर, लोकांच्या तोंडी देवीडाक्तर. डॉक्टर आम्ही कुणीच नव्हतो. मराठी सातवी पास व्हायचं, काही आठवडे शिकायचं आणि पत्र्याची पेटी घेऊन चालायला लागायचं. पेटीत लसीच्या काचेच्या नळ्या, कापूस, स्पिरिटचा दिवा आणि फिरकी. फिरकी म्हणजे एक छोटी दांडी, टोकाला बारीक दाते. दंडावर लसीचा थेंब ठेवायचा, त्यावर फिरकी टेकवून हलकीशी फिरवायची. रक्त दिसावं पण वाहू नये, एवढंच ते कौशल्य. आठव्या दिवशी परत जाऊन बघायचं. मधे खळी पडलेला टपोरा फोड आला असला तर लस धरली. नसला तर पुन्हा टोचायचं. वहीत नाव, बापाचं नाव, वय, आणि शेवटच्या रकान्यात 'धरली' किंवा 'नाही'.

लस उन्हाला फार भिते. ओल्या फडक्यात गुंडाळून मडक्यात ठेवली तरी दोन-चार दिवसांत तिचा जीव जातो. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढं लागेल.

गिऱ्हाइकं एकेक नमुनेदार. आया पोरांना रिकाम्या कणगीत लपवायच्या आणि वर बसून पाखडायला घ्यायच्या. काही जणी समोर हसून टोचून घ्यायच्या आणि माझी पाठ वळली की शेणानं दंड पुसून टाकायच्या. एका तालमीतला पैलवान, दोन्ही मांड्या माझ्या कमरेएवढ्या, "टोचा वो, आमास्नी काय हुतंय" म्हणत पुढं आला आणि फिरकी बघूनच आडवा झाला. त्याला शुद्धीवर आणायला कांदा फोडला, तर उठल्या उठल्या म्हणाला, "हितं कुणी बगितलं न्हाई न्हवं?" बघायला अख्खी तालीम उभी होती.

आता मूळ गोष्ट. बेचाळीसच्या धामधुमीनंतरचा दुसरा उन्हाळा. तेव्हा सांगली जिल्हा वेगळा नव्हता. सातारा जिल्हा अवाढव्य होता आणि त्यात मधेमधे संस्थानांचे तुकडे ठिगळासारखे बसवलेले. माझ्याकडं जिल्ह्याचा पूर्वेकडचा कोरडा भाग होता. त्यात एक बाजाराचं मोठं गाव. त्याचं नाव मी सांगणार नाही, कारण तिथल्या पाटलांचे नातू आज माझ्या ओळखीचे आहेत आणि भले आहेत. आपण त्याला पेठ म्हणू.

पेठेची ओळख मी कुठल्याही मामलेदारापेक्षा चांगली करून देऊ शकतो, कारण मी ती दंडादंडानं बघितली आहे. मध्यभागी पाटील आळी. तिच्याकडं तोंड करून चावडी. मागं वाण्यांची आणि आम्हा जैनांची गल्ली, तिथं प्रत्येक दारात पाणी गाळायचं फडकं वाळत घातलेलं. मग तांबोळी, कासार, शिंपी. वेशीला लागून कुंभार. वेशीबाहेर एकीकडं महारवाडा, दुसरीकडं मांगवाडा. आणि दोन कोसांवर, संस्थानच्या हद्दीला टेकून, खडकवाडी. तिला पेठेत 'मागली वाडी' म्हणत. खडकवाडी हे नाव त्या वाडीतल्या माणसांखेरीज कुणी घेत नसे.

खडकवाडी कुणी वसवलेली नव्हती. एका दुष्काळात माणदेशातून मेंढरं घेऊन उठलेली सणगरांची काही घरं तिथं थांबली. त्यांनी घोंगड्या विणायला घेतल्या. मग दोरखंड वळणारी मांगांची घरं आली, रामोशी आले, एक मुलाणी आला, एक लोहार आला. सगळ्यांना मिळून पाणी एकच, खडकातून येणारा हाताएवढा झरा. खडकच असा की दुसरी विहीर खणायची सोयच नाही. त्यामुळं तिथं सगळ्यांच्या घागरी एकाच झऱ्यावर लागत. पेठेला त्यांचा खरा राग ह्याचा होता. "त्या वाडीला काय धरबंदच न्हाई," असं मला चावडीत तरी किती वेळा ऐकवलं गेलं असेल.

टोचणीचाही एक रिवाज होता. सुरुवात पाटलांच्या वाड्यातून. मग एकेक आळी मानाप्रमाणं उतरत जायचं. सगळ्यात शेवटी वेशीबाहेर आणि त्यानंतर कधीतरी खडकवाडी. तोवर पेटीतली लस मेलेली असायची. हे मला ठाऊक होतं आणि मी तीच लस तिथं टोचत होतो. आठव्या दिवशी दोन कोस चालून बघायला जायचं मला जिवावर यायचं, कारण बघण्यासारखं काही नसणार हे आधीच ठाऊक असायचं. मग चावडीच्या सावलीत बसून मी रकाना भरायचो. धरली, धरली, धरली. आमच्या खात्यात दूरच्या वाड्यांच्या वह्या बहुतेक अशाच भरल्या जात. मी एकटा नव्हतो. एकटा नव्हतो म्हणून मी सुटतो असं मात्र नाही.

त्या वर्षी वैशाख सरता सरता पेठेत पटकी, म्हणजे कॉलरा, आली. उलट्या आणि जुलाब सुरू झाले की दुपारपर्यंत माणसाचे डोळे खोल जायचे. आम्हा टोचणाऱ्यांना मग पटकीचीही कामं लागत. सुया द्यायच्या, विहिरींत तांबडं औषध टाकायचं, रोजच्या रोज तालुक्याला आकडे कळवायचे. मी पेठेत उतरलो तेव्हा गाव आधीच दुसऱ्या इलाजाला लागलं होतं.

हा दुसरा इलाज म्हणजे मरीआईचा गाडा. ज्यांनी बघितला नाही त्यांच्यासाठी सांगतो. सुतार लहानसा लाकडी गाडा करतो. त्यात आईची मूर्ती बसवतात, हिरवा चुडा, खण, लिंबं, दहीभात ठेवतात. पोतराज अंगावर कोरडा, म्हणजे आसूड, ओढत पुढं नाचतो आणि सगळं गाव गाडा ओढत शिवेपर्यंत नेतं. शीव ओलांडून गाडा पलीकडच्या गावात सोडला की रोगराई गावातून गेली. पलीकडचं गाव काय करतं? तेही आरती करतं आणि तो गाडा आपल्या पुढच्या शिवेपार लोटतं. असा तो गाडा गावोगाव पुढं सरकत राहतो.

पश्चिमेकडची सगळी गावं आपले गाडे पेठेच्या हद्दीत सोडत. पेठ ते खडकवाडीच्या माळावर सोडी. खडकवाडीच्या पुढं संस्थानची शीव, आणि तिथं नाक्यावर बंदूकवाला शिपाई. संस्थाननं गाडे आत घ्यायचे बंद केले होते. त्यामुळं सगळ्या मुलखाची मरीआई शेवटी खडकवाडीत येऊन थांबायची.

चावडीत पाटील स्वतः हजर होते. धिप्पाड माणूस, वाईट नव्हे. स्वतःच्या घरात दोन आजारी असताना गावासाठी उन्हातान्हात फिरत होते. मी वाडीवार आकडे लिहायला वही काढली.

"मागल्या वाडीत किती?" मी विचारलं.

"तिकडं तर काय बोलूच नगा," पाटील म्हणाले. "लय हाय. आक्खी वाडी आडवी झालीया. कालच आमी सवता गाडा सोडला तिकडं."

म्हणजे गाडा गेला, तर रोगही तिकडं गेलाच असणार, असा त्यांचा हिशेब. ते खोटं बोलत नव्हते, त्यांची तशी श्रद्धा होती. माझी नव्हती. मला फक्त उन्हातून दोन कोस चालायचा कंटाळा होता. मी लिहिलं: मागली वाडी, रोगाचा जोर फार.

तो कागद तालुक्याला गेला आणि तिसऱ्या दिवशी हुकूम आला. मागल्या वाडीच्या लोकांना पेठेच्या बाजारात बंदी. वेशीवर शिपाई बसला. पेठेतल्या लोकांना हायसं वाटलं. रोगाला हद्द मिळाली होती. मी सुया देत राहिलो आणि पेठेतली माणसं आजारी पडत राहिली.

दोन बाजार असे गेले. दुसऱ्या बाजारानंतरच्या सकाळी मी वेशीशी पेटी उघडून बसलो होतो. शिपायाच्या पलीकडं एक बाई येऊन उभी राहिली. पन्नाशीची, काटक, खांद्यावर घोंगड्यांची चवड. खडकवाडीची बायजाक्का सणगरीण. मी तिला ओळखत होतो, कारण दर वर्षी टोचणीच्या वेळी हीच पोरांना रांगेत उभी करायची.

"आवं देवीडाक्तर," ती लांबूनच म्हणाली, "आमच्यातलं कोण कोण मेलं तेवडं सांगा."

मला कळेना. "म्हणजे?"

"तुमी लिवलंय न्हवं, आमची वाडी पटकीनं भरलीया. आमास्नी तर कोण दिसंना मेल्यालं. नावं सांगा, मयताला जाया पायजे. मागनं बोल नगं."

वेशीवरची माणसं हसली. तिच्या चेहऱ्यावर हसण्याचा मागमूस नव्हता.

"किती आजारी आहेत तुमच्यात?" मी हळू आवाजात विचारलं.

"येक बी न्हाई. तुमी आला असतासा तर दिसलं असतं." तिनं चवड खाली ठेवली. "ह्यो माल मिरगाच्या आदी खपला न्हाई तर वरीसभर कोण घेत न्हाई. शेतकरी पावसाच्या तोंडावरच घोंगडं घेतोय. दोन बाजार गेलं. एकच ऱ्हायलाय, येत्या सोमवारचा. तुमच्या एका वळीनं आमची चूल बंद केलीया डाक्तर."

मी पेटी मिटली आणि तिच्याबरोबर निघालो.

खडकवाडीच्या माळावर सहा गाडे उभे होते, एकाशेजारी एक, नीट ओळीनं. प्रत्येकातल्या मूर्तीपुढं ताजं हळदकुंकू होतं. एका गाड्यात कोंबडीनं अंडी घातली होती आणि ती फिसकारून माझ्यावर आली. मी घरोघर गेलो. सणगर, मांग, रामोशी, मुलाणी, लोहार. सगळी माणसं उभी आणि धडधाकट, फक्त रागावलेली. लोहारानं तर मला जीभ दाखवली, पोट दाखवलं आणि विचारलं, "आनी काय काय दावू?"

मग मी झऱ्यावर गेलो. खडकातून स्वच्छ पाणी येत होतं. वर वस्ती नाही, गुरं नाहीत, धुणं नाही. मला माझी स्वतःचीच लाज वाटली. पेठेत इतके दिवस राहून मी आजारी का पडलो नव्हतो? कारण आईनं लावलेल्या सवयीनं मी पाणी गाळून, उकळून पीत होतो. पेठेत सगळं गाव एका बारवेवर होतं, तिच्या पायऱ्यांवर आजाऱ्यांची फडकी धुतली जात होती, आणि खडकवाडीला त्या बारवेवर पाऊल टाकायची मनाई होती. पेठेनं त्यांना आपल्या पाण्यापासून लांब ठेवलं आणि त्यामुळंच ती माणसं जगली होती.

"ह्या गाड्यांचं काय करता तुम्ही?" मी बायजाक्काला विचारलं.

"काय करनार? आई हाय ती. दारात आल्याली पावनी. दिवा लावतो." मग तिचा आवाज चढला. "आईवर आमचा राग न्हाई. तिला हाकलून लावनाऱ्यावर हाय. सवताच्या दारातनं हाकलायची आन् आमच्या दारात आनून सोडायची, ही कुटली भक्ती?"

पेठेत परतल्यावर मी पहिलं काम केलं ते बारव बंद करायचं. तांबडं औषध टाकलं, काठावर काटे लावले आणि आठवडाभर कुणी पाणी भरायचं नाही असं सांगितलं. "डाक्तरनं बारवेत रगात वतलं," अशी बोंब उठली. उन्हाळ्यात बाकीच्या विहिरी आटलेल्या. दोन दिवसांत पेठेची जीभ कोरडी पडली.

दुसरं काम अवघड होतं. माझी नोंद मागं घ्यायची होती. खडकवाडीत रोगी नाहीत अशा पंचनाम्यावर सही करायला पाटलांनी नकार दिला. मी तालुक्याला जाऊन आमच्या खात्याच्या साहेबांना भेटलो.

"खाडाखोड चालणार नाही," साहेब म्हणाले. "नोंद चुकली असेल तर स्वतः न जाता लिहिली असं कबूल करावं लागेल. मग पुढचं तुम्हाला माहीत आहे. आठ दिवस गप्प बसा, साथ ओसरली की हुकूम आपोआप उठेल."

आठ दिवसांत सोमवार निघून जाणार होता. मी गप्प बसलो. खरं तेच लिहितो आहे. दोन दिवस मी गप्प बसलो. घरी बायको होती, आई होती, आणि ह्या नोकरीखेरीज मला दुसरं काही येत नव्हतं. ते दोन दिवस मला अजून आठवतात आणि आठवले की मान खाली जाते.

रविवारी सकाळी पाटलांनी पिपं चढवून चार बैलगाड्या खडकवाडीच्या झऱ्याकडं काढल्या. बरोबर पंधरावीस माणसं काठ्या घेऊन. मी पेटी घेतली आणि गाडीच्या मागं चालू लागलो. पाण्यावरून डोकी फुटतील अशी मला भीती वाटत होती.

झऱ्यापुढं सगळी वाडी उभी होती. बाया पुढं, माणसं मागं. मधोमध बायजाक्का.

"बाजूला सर गं," पाटील म्हणाले. "पानी न्यायला आलूय."

"पानी न्या की," बायजाक्का म्हणाली. "पान्याला आमी कवा आडवं आलू? तुमच्या बारवेचं काटं आमास्नी ठावं हायती. आमी काटं लावनार न्हाई." तिनं एका गाडीकडं बोट केलं. "ही पयली गाडी आजाऱ्यांची. भरा आन् पाठवून द्या. तिला अट न्हाई."

गडी पिपं उतरवू लागले. रामोशी आणि मुलाणी झऱ्यात उतरून घागरी भरून देऊ लागले. त्या हातचं पाणी घ्यावं की नाही म्हणून एकदोघं घुटमळले. पाटलांनी त्यांच्याकडं नुसतं बघितलं. पाटलांची सून घरात पाणी पाणी करत होती. घागरी हातोहात जाऊ लागल्या आणि पहिली गाडी भरून निघाली.

"बाकीच्या तीन गाड्या धडधाकटांच्या," बायजाक्का म्हणाली. "त्यास्नी अट हाय."

"काय अट?"

तिनं माळाकडं हात केला. "तुमच्या आया घेऊन जावा. सगळ्या. ज्या वाटनं आनल्या त्या वाटनं. सवता वडून."

कुणीतरी काठी आपटली. "गाडा माघारी नेला तर गाव ऱ्हाईल का?" एक म्हातारा किंचाळला.

"आमी हितं सहा गाड्यांच्या शेजारी ऱ्हातोय बाबा," लोहार मागून म्हणाला. "बगा की, ऱ्हायलो का न्हाई."

पाटील माझ्याकडं वळले. "डाक्तर, सांगा ह्येंना. ह्या वाडीत पटकी हाय का न्हाई? तुमीच लिवलंय."

सगळ्यांची तोंडं माझ्याकडं फिरली. बायजाक्का नुसती बघत होती, आणि ते बघणं मला बोलण्यापेक्षा जड गेलं.

मी पेटी खाली ठेवली, वही काढली, दौत उघडली. तिथंच दगडावर बसून मी लिहिलं आणि लिहिता लिहिता मोठ्यानं वाचलं: "खडकवाडीची मागील नोंद खोटी आहे. मी वाडीत गेलो नव्हतो. चावडीत बसून लिहिले. वाडीत पटकीचा एकही रोगी नाही व नव्हता. येथील पाणी स्वच्छ आहे. पेठेत रोग बारवेमुळे आहे." खाली सही केली. 'मागली वाडी' न लिहिता मी खडकवाडी लिहिलं. सरकारी कागदावर ते नाव बहुधा पहिल्यांदाच उमटलं.

"नोकरी जाईल तुमची," पाटील हळूच म्हणाले.

"जाऊ द्या," मी म्हणालो. "पंच म्हणून तुम्ही सही करा."

"न्हाई केली तर?"

बायजाक्का झऱ्याच्या तोंडाशी जाऊन बसली. उन्हं चढत होती आणि तीन गाड्यांची पिपं रिकामी होती. पाटलांनी माझ्या हातातून टाक घेतला आणि सही केली. मग त्यांनी पागोटं नीट केलं, माळावर गेले आणि पहिल्या गाड्याचा दोर स्वतःच्या खांद्यावर घेतला. मी त्यांना वाईट माणूस नव्हे म्हणालो ते ह्यासाठी.

आयुष्यात अशी मिरवणूक मी दुसरी बघितली नाही. मरीआईचे सहा गाडे ओळीनं पेठेकडं उलटे चालले होते. पोतराजाला कळेना, नाचायचं कुणीकडं तोंड करून, तेव्हा तो कोरडा काखेत मारून मुकाट चालत राहिला. कोंबडी अंडी सोडायला तयार नव्हती, म्हणून तीही गाड्यातून निघाली. मागं पाण्याच्या गाड्या आणि सगळ्यांच्या मागं खडकवाडीच्या बाया, डोक्यावर घोंगड्यांच्या चवडी घेऊन. वेशीवरच्या शिपायाला मी पाटलांची सही दाखवली. तो बाजूला झाला. गावात दारं धडाधड लागली. गाडे मरीआईच्या देवळापुढं नेऊन उभे केले. आई आपल्या घरी परत आली, तिला आता कुठंही धाडायचं नाही, असं पाटलांनी चावडीवरून सांगितलं. त्यांना तसं सांगावंच लागलं.

सोमवारी बाजार भरला. बायजाक्का भर रस्त्यावर घोंगड्या मांडून बसली. दुपारपर्यंत कुणी फिरकलं नाही. सगळे लांबून वळसा घालून जात होते. तिनं ऊन चुकवायला जागासुद्धा बदलली नाही. दुपारी पाटलांची म्हातारी आई काठी टेकत आली, खाली बसली, चार घोंगड्या उलगडून बघितल्या, दोन हातांत तोलल्या आणि एक घेतली. त्यानंतर गर्दी झाली. काही घोंगड्या उरल्या. गेलेले दोन बाजार परत आले नाहीत, आणि तो तोटा माझ्या नावावर आहे.

बारव नीट उपसली गेली, पायऱ्यांवर धुणं बंद झालं आणि महिन्याभरात साथ ओसरली. गाडे माघारी आणल्यानं पेठ बुडाली नाही. तरी पुढं कित्येक वर्षं लोक मला म्हणत, "डाक्तर, त्या टायमाला आईनंच संबाळलं." मी वाद घातला नाही. आईनं सांभाळलं असेल, पण तिला सांभाळून ठेवलं होतं खडकवाडीनं, एवढं मात्र मी प्रत्येकाला ऐकवायचो.

मला खुलासा विचारणारा कागद आला. मी एका ओळीत उत्तर दिलं: पहिली नोंद खोटी होती, दुसरी खरी आहे, शिक्षा पहिलीसाठी करावी. माझी बदली ठरली. पण त्या धामधुमीच्या दिवसांत माझ्या जागी यायला कुणी तयार होईना, म्हणून त्या हिवाळ्यात तो भाग माझ्याकडंच राहिला. टोचणीचा हंगाम आला. लसीच्या ताज्या नळ्या हातात पडल्या तशा मी ओल्या फडक्यात गुंडाळल्या आणि पेठेत न शिरता बाहेरूनच पुढं गेलो. वेशीजवळच्या पारावर बसलेले पाटील ओरडले, "डाक्तर, वाडा हिकडं हाय!"

"माहीत आहे," मी म्हणालो. "परवा येतो."

पहिला दंड टोचला तो बायजाक्काच्या नातीचा. आठव्या दिवशी मी दोन कोस चालत पुन्हा गेलो. बायजाक्का दारात उभी होती, कडेवर नात. तिनं पोरीची बाही वर सारली. दंडावर मधे खळी पडलेला टपोरा फोड होता. खडकवाडीत मी इतक्या वर्षांत बघितलेला तो पहिला. मी वही काढली, टाक बुडवला, तशी तिनं माझं मनगट धरलं.

"आदी नीट बगा," ती म्हणाली. "मग लिवा."

मी वही बाजूला ठेवली आणि बघितलं.